टेकडीवरची बसराई

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. वडिलांना सही येते, आईला तीही नाही. त्यामुळे आपण लिहिलेलं चार लोकांनी वाचावं असं म्हणताना जीभ अडखळते. आमच्या बी.एड. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी सरांनी 'मला भेटलेला माणूस' असा विषय दिला, तेव्हा वर्गातल्या इतरांना पटापट माणसं सुचली. कुणाला शाळा काढणारे गुरुजी, कुणाला पुरातून पोरं काढणारा काका. मला जो माणूस सुचला, त्याने सांगण्यासारखं काही केलंच नव्हतं. तो लढाईत होता आणि त्याच्यासमोर लढाई आली नाही. आपण तिथे होतो, एवढंच तो जन्मभर लोकांना सांगत राहिला आणि कोणाला ते पटलं नाही. त्याला जमलं नाही ते मला कसं जमणार? तरी लिहितो. गेल्या महिन्यात एक गोष्ट माझ्या कानावर आली आणि ती ज्याला सांगायची तो माणूस आता नाही.

त्यांचं नाव रामदास. लोक म्हणायचे दर्यानाना. यावल तालुक्यातले, माझ्या गावापासून दोन कोसांवरचे. मी बी.ए.ला जळगावला आलो तेव्हा त्यांच्या मुलाच्या, प्रभाकरभाऊंच्या घराच्या गच्चीवरची खोली भाड्याने मिळाली. प्रभाकरभाऊ डाळमिलच्या ऑफिसात होते. नानांना शेतीचं काम होईना म्हणून भाऊंनी त्यांना गावाहून आणलेलं. नानांना शहर आवडत नसे, पण गच्ची आवडायची. गच्चीवर म्हणे नजर मोकळी राहते.

आमच्याकडच्या बहुतेकांनी समुद्र सिनेमात पाहिलेला. नानांनी तो दुसरं महायुद्ध चालू असताना रोज पाहिला होता, दुर्बिणीतून. ते तोफखान्यात भरती झाले. वाटलं होतं, बाहेरच्या मुलखात पाठवतील. पाठवलं मुंबईच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, बंदराच्या तोंडाशी असलेल्या एका टेकडीवर. तिथे सिमेंटचे मोर्चे बांधून समुद्राकडे तोंड करून तोफा बसवल्या होत्या. शत्रूचं जहाज आलं तर ते बुडवायचं. जहाज आलंच नाही. लढाई संपली, तोफा काढून नेल्या आणि नाना यावलला परत आले.

सवयी मात्र सगळ्या तिथल्याच राहिल्या. बसताना तोंड पश्चिमेला. बोलताना समोरच्याकडे बघायचे नाहीत, लांब बघायचे. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा शिष्ट आहे. 'डावीकडे', 'उजवीकडे' हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हते. सगळं अंशांत. एकदा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघालो. चौकात रिक्षावाल्याने विचारलं, "नाना, कुठे वळवू?"

"दोनशे चाळीसवर घे."

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "नाना, जळगावचं टेम्परेचरसुद्धा अजून तिथवर गेलं नाही."

मी हसलो. नाना हसले नाहीत. "बी.ए., हसू नको. दिशा चुकली का बठ्ठं चुकते." मला ते बी.ए. म्हणत. पास होण्याआधीपासूनच.

संध्याकाळी दिवे लागले की खरी गंमत. वहिनींनी स्वयंपाकघरातली ट्यूब लावली आणि खिडकी उघडी राहिली, की गच्चीवरून आवाज यायचा, "खिडकी! उजेड दर्यातून दिसू रायला!"

वहिनी पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "नाना, समुद्र कुठे, आपण कुठे! मध्ये अख्खा धुळे जिल्हा आहे. तिथून आमची ट्यूब दिसणार आहे का?"

"दिसत नई म्हनूनच तू बिनघोर झोपू रायली."

वहिनी खिडकी लावायच्या. वादात त्या हरत नसत, पण पोळ्या जळायच्या.

गच्चीच्या कोपऱ्यात कापलेल्या पिंपात नानांनी बसराई लावली होती. बसराई म्हणजे आमच्या भागातली बुटकी, जाड खोडाची केळ. पिंपात ती कशी धरणार? त्यात जळगावचा उन्हाळा. पानं कडेने करपायची, घड यायच्या आधीच खोड बसायचं. नाना मेलेलं काढायचे आणि गावाहून नवा कंद आणून लावायचे. नळाला पाणी दिवसाआड, म्हणून स्वतःच्या आंघोळीचं पाणी बादलीत धरून वर न्यायचे. मी एकदा म्हटलं, "नाना, गावी एवढ्या बागा आहेत, इथे कशाला हा हट्ट?"

"टेकडीवर लागली, मंग इथी काऊन लागत नई?" ते पिंपाकडे बघत म्हणाले. तेव्हा मला पहिल्यांदा टेकडीवरच्या केळीची गोष्ट कळली.

झालं असं होतं. मोर्च्याचं नवं सिमेंट उन्हात लांबून चमकायचं. वरून जाळ्या टाकल्या होत्या, तरी एक बाजू उघडी राहायची. गोऱ्या साहेबाने सांगितलं, झाडं लावा. कोणी करवंद लावली, कोणी काय. सगळ्यांची वाढ हळू. नाना रजेवर घरी आले होते. परत जाताना त्यांनी बसराईचा कंद गोणपाटात बांधून नेला. केळीचं पान रुंद आणि वाढ भराभर. स्वयंपाकघराचं सांडपाणी जिथून वाहायचं तिथे कंद लावला. हवालदार ओरडला, पण साहेबाने समुद्रात होडी घालून लांबून पाहिलं आणि म्हणाला, राहू द्या. वर्षभरात पिलं फुटून केळीचं बेट झालं आणि त्याने ती बाजू झाकून टाकली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पानं फाटायची, घड काही धरेना. आणि शेवटी, तोफा उतरवायचा हुकूम आला त्याच सुमाराला, एक केळ निसवली. कमळ बाहेर आलं, फण्या दिसायला लागल्या. घड पिकायच्या आत नानांची सुट्टी झाली.

"खाल्ली नई एकबी," नाना म्हणाले. "कसं लागलं आसंन कोन जाने."

गावात ही गोष्ट त्यांनी सांगितली आणि फसले. गावातलाच एक जण ब्रह्मदेशातून मांडीत गोळी घेऊन आला होता, तो पारावर चड्डी वर करून वण दाखवायचा. त्याच्यासमोर नानांकडे काय, तर केळीचं बेट. "नाना, तोफ उडाली का केळं फुटलं?" असं म्हातारे विचारायचे, आणि पोरांनी प्रभाकरभाऊंना शाळेत नाव पाडलं, केळ्याचा. भाऊंच्या मनातून ते कधी गेलं नाही. टेकडीचा विषय निघाला की ते ताट घेऊन आत जायचे. मला एकदा म्हणाले, "तू ऐकतोस म्हणून ते बोलतात. मला सांग, तोफ कुणी केळीने झाकतं का? आमचे नाना भांडी घासायला होते तिथे, असं गाव म्हणतं. मलाही तेच वाटतं. पण असू दे, बाप आहे."

नानांना हे माहीत होतं. त्यांना पदक नको होतं, मान नको होता. पोराने एकदा म्हणावं, की हो, तुम्ही तिथे होतात. एवढंच.

त्यासाठी मी एक खटपट केली आणि ती अंगाशी आली. जळगावच्या कॉलेजात इतिहास मंडळ होतं. इतिहासाच्या सरांच्या पाया पडून मी नानांचं भाषण ठरवलं. नानांनी कोट घातला. प्रभाकरभाऊंना अर्धा दिवस सुट्टी काढायला लावून मी मागच्या बाकावर बसवलं.

नाना छान बोलत होते. त्यांनी त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली. एका सकाळी दाट धुकं होतं. खुणेचा बावटा न लावता काहीतरी बंदराकडे सरकत होतं. तोफेत गोळा भरला, नेम धरला. नाना नेमावर होते. हुकूम येईना. एकाने म्हटलंसुद्धा, आता उशीर होतोय. नानांनी नजर हलवली नाही. धुकं जरा फाटलं तर ती कोळ्यांची होडी. आत बायका, टोपल्या, एक तान्हं पोर.

नाना थांबले. त्यांना वाटलं, आता टाळ्या पडतील.

एका मुलाने हात वर केला. "आजोबा, पण तुम्ही एकूण किती जणांना मारलं?"

"एकालेबी नई."

वर्ग हसला. मग सरांनी समारोप केला. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. ते म्हणाले, तसं पाहिलं तर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर प्रत्यक्ष युद्ध झालंच नाही, पण अशा छोट्या छोट्या सेवेचंही महत्त्व असतं. आणि केळीचा किस्सा तर फारच मजेशीर.

नाना उभेच होते. प्रमाण मराठीत बोलायचं ठरवून आले होते, ते सुटलं. "मजा काऊन वाटू रायली तुम्हाले? रातभर बागेत जागल्या बसला आन् चोर आला नई, तं जागल्या नव्हताच का? त्या होडीतले मानसं मेले आसते तं तुम्ही टाळ्या वाजवल्या आसत्या!"

मी मागे पाहिलं तर प्रभाकरभाऊ निघून गेले होते.

त्या दिवसापासून नानांनी मला धरलं. "बी.ए., तू चाल मह्यासंग. ते बेट आसंनच. केळ मरत नई, पिलं टाकत सरकत जाते. तू पाह्य, मंग प्रभाकरले सांग. शिकेल मानसाचं ऐकतो तो." घाईचं कारणही होतं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. नजर कडेकडेने बंद होत होती. "नळीतून पाहेल सारखं दिसते," नाना म्हणायचे, "दुर्बिणीची सवय हाये म्हना."

जायचं ठरायचं आणि मोडायचं. एकदा उन्हाळ्यात वादळाने गावची बाग आडवी झाली. एकदा घरात लग्न निघालं. एकदा माझीच परीक्षा. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत, भाऊंना यावलला जातो असं सांगून, आम्ही मुंबईची गाडी धरली.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच निघाली आणि दर्यानानांना उलट्या सुरू झाल्या. मी समुद्र पहिल्यांदा बघत होतो. मला काही झालं नाही. खलाशी म्हणाला, "आजोबा पहिल्यांदाच आले वाटतं पाण्यावर." नाना कठड्याला धरून त्याच्यावर खेकसले, "मी जमिनीवरून राखन केली! होडीत नव्हतो!" आणि पुन्हा वाकले.

किनारा जवळ आला तशा दोन टेकड्या दिसल्या. नानांनी तोंड पुसलं, त्यांच्या नळीतून एकीकडे पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला. "पान पाह्य. केळीचं पान!"

खरंच, अलीकडच्या टेकडीच्या कुशीत केळीची पानं दिसत होती. धक्क्यावरच्या चहावाल्याने मात्र हात दुसरीकडे केला. "मोठे मोर्चे पलीकडच्या टेकडीवर आहेत. इकडे छोटे. आणि तिकडे जायचं तर लवकर जा, दुपारनंतर सोडत नाहीत." मी नानांना म्हटलं, आधी पलीकडे जाऊ. नाना ऐकेनात. "चहा इकनाऱ्याले काय माहीत? मी पान पाहेल हाये." आमच्या भागातला माणूस. चहावाल्याच्या बोटापेक्षा त्याचा केळीच्या पानावर भरवसा.

चढ अवघड होता. वर झुडपांत मोर्चे होते. गोल खड्डा, तळाशी गंजलेल्या बोल्टांचं कडं, तिथे तोफ बसायची. बाजूला जिना, खाली दारूगोळ्याची खोली. वटवाघळं, शेळ्यांच्या लेंड्या, भिंतीवर कोळशाने लिहिलेली प्रेमिकांची नावं. कोणीतरी एका खोलीत जाळी ठेवली होती, तिला सुक्या मासळीचा वास. नाना एकदम तरुण झाले. अंधारात हाताने न चाचपता चालत होते. "हे गोळे ठेवाची फळी. इथून वर द्याचे. इथी आम्ही बसो." मला वाटलं, सापडलं. मी इतका खूश झालो की जोरात ओरडलो आणि वटवाघळं उडाली.

मग नाना टेहळणीच्या अरुंद खिडकीपाशी गेले. बराच वेळ बाहेर बघत राहिले. समुद्रात एक काळा खडक होता, त्यावर लाटा फुटत होत्या.

"खडक उलट्या बाजूले हाये," ते म्हणाले.

"म्हणजे?"

ते बाहेर आले आणि केळीपाशी गेले. केळ उंच होती, खोड बारीक. एक छोटा घड होता. नानांनी एक केळं मोडलं, सोललं. आत गर थोडा आणि काळ्या टणक बिया. रानकेळ.

"हे मोर्चे दुसऱ्या तुकडीचे," नाना म्हणाले. "बठ्ठे एकाच नकाशावर बांधेल हायेत." आणि त्यांनी ते केळं दरीत भिरकावून दिलं.

आम्ही उतरलो, पलीकडे गेलो. ऊन कलायला लागलं होतं. दुसऱ्या टेकडीच्या वाटेवर तारेचं कुंपण, फाटक आणि बंदूक घेतलेला एक कोवळा पहारेकरी.

"ताऊजी, टाइम हो गया. आगे मना है."

नाना त्याच्याशी फौजी हिंदीत बोलले. आपली तुकडी सांगितली, साहेबाचं नाव सांगितलं, केळीचंसुद्धा सांगितलं. पोरगा ऐकून घेत होता, पण पुन्हा पुन्हा एकच, "ऑर्डर है, ताऊजी. कल आइए." उद्या येणं शक्य नव्हतं. परतीची तिकिटं होती, घरी थाप मारलेली होती. मी त्याच्या हातापाया पडलो. नानांनी एकदा फाटकाला हातही घातला. पोराने बंदूक आडवी धरली. फाटकातून वर मोर्च्याची कड दिसत होती, तिच्याखालचा उतार मात्र दिसत नव्हता. नाना टाचा उंचावून बघत होते. नळीतून.

लाँचवर त्यांना या खेपेला उलटी झाली नाही. मधेच म्हणाले, "पोरगं चांगलं हाये. आम्हीबी कलेक्टरले सोडलं नव्हतं." थोड्या वेळाने म्हणाले, "गाढव हाये निस्ता. मह्याच टेकडीवर मलेच आडवते!" मग गाडीत बसल्यावर, "तू मले ओढून न्याचं व्हतं पह्यले तिकडं. शिकेल हायेस ना?"

घरी भाऊंना कळलंच. माझ्या चपलांना चिकटलेल्या वाळूवरून वहिनींनी ओळखलं. भाऊंनी विचारलं, "काय दिसलं?" मी म्हणालो, "मोर्चे आहेत. दुसऱ्या टेकडीवर जाऊ दिलं नाही." भाऊ म्हणाले, "हं." त्या 'हं'नंतर नानांनी पिंपातली केळ उपटून टाकली. पुन्हा लावली नाही.

बी.ए. झाल्यावर मला धुळ्याला बी.एड.ला प्रवेश मिळाला. नाना मला सोडायला जळगाव स्टँडवर आले. मी नको म्हणत होतो, एव्हाना त्यांना एस.टी.ची पाटीही वाचता येत नव्हती. गाडी लागली. मी खिडकीतून म्हटलं, "नाना, येतो." त्यांनी तोंड वर केलं, पण माझ्या खिडकीकडे नाही, पुढच्या खिडकीकडे.

"धुळं म्हंजे दोनशे सत्तर," ते म्हणाले. "दर्याच्या बाजूलेच. तू तेवढा जवळ गेला."

गाडी हलली. वळताना मागे पाहिलं. लोक, हमाल, केळीच्या गाड्या, सगळे त्यांना वळसा घालून जात होते आणि नाना कपाळावर हात आडवा धरून पश्चिमेकडे बघत उभे होते. मी हात हलवला. त्यांना तो दिसला नसणार. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पावसाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. भेटायला गेलो तर भाऊ एवढंच म्हणाले, "शेवटी शेवटी खडक खडक करायचे. कोणता खडक, कोण जाणे." मला माहीत होतं, पण मी काय पुरावा देणार होतो?

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. थंडीत मी गावी गेलो होतो. आमच्याकडे या दिवसांत मळ्यात भरताच्या पंगती होतात. काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, केळीच्या पानावर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आम्ही वीस-पंचवीस जण बागेत बसलो होतो. त्यात माझ्या मावसभावाचा साला, किसन, होता. तो डंपर चालवतो. कोकणात कुठे कुठे कामाला जाऊन आलेला. पानावर बसल्या बसल्या त्याने आजूबाजूच्या बागेकडे पाहिलं आणि म्हणाला, "आपली बसराई मी दर्याच्या कडेले पाह्यली."

लोक हसले. कोणी म्हणालं, "तिकडं कोकनातली राजेळी केळ आसंन रे. भल्ता ढोसून आल्ता का?"

"आईची आन! मुंबईच्या पलीकडं भरावाचं काम व्हतं. एक टेकडी फोडू रायलो व्हतो. वरते सिमेंटच्या खोल्या, लढाईतल्या. दर्यातल्या काळ्या खडकाच्या समोर. सुरुंग लावले तरी लौकर फुटेनात इतक्या पक्क्या. त्याच्या बाजूले बेट व्हतं केळीचं. बुटकं, जाड खोड. म्या म्हनलं, हे तं आपल्या घरचं! इथी कोन लावलं आसंन? एक घड पिकेल व्हता. आम्ही बठ्ठ्या डायवरांनी खाल्ला."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. "टेकडी आहे का अजून?"

"कुठची टेकडी? बठ्ठी सपाट केली. बेट पह्यल्याच दिवशी ढिगाऱ्यात गेलं."

मी विचारलं, "केळी कशी लागली?"

किसनने भरताचा घास तोंडात घातला, चावला आणि माझ्याकडे नवलाने पाहिलं. "बारीक व्हती. पन गोड व्हती. भल्ती गोड."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी किसनला घेऊन जळगावला गेलो. प्रभाकरभाऊंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.